दहा वाजून दहा मिनिटांची नोंद

मंगळवार, २९ एप्रिल

प्रिय मयुरी,

माझं अक्षर तू आज पहिल्यांदाच पाहत असशील. तुमच्या लग्नाला चार वर्षं झाली, पण आजवर माझ्याकडून तुला जे मिळालं ते सगळं छापील. लग्नपत्रिका मी टाइप केली, तुझं नाव रेशनकार्डावर चढवायचा अर्ज मी टाइप केला. तुझ्या वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा मी आधी टाइप करतो आणि मग त्या कागदाचा फोटो पाठवतो, यावर विहंग हसतो हेही मला ठाऊक आहे. आयुष्यभर टाइपरायटर बडवणाऱ्या माणसाचं अक्षर असंच असतं, कोंबडीने अंगण उकरल्यासारखं. सांभाळून घे. आणि पत्र पाहून घाबरू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. तुझ्या सासूबाईंनी गच्चीवर कुरडया घातल्या आहेत आणि नांदुऱ्याच्या उन्हात मला छत्री देऊन कावळे हाकलायला बसवतात. निवृत्त हेडक्लार्कचा आता एवढाच उपयोग उरला आहे, असं त्यांचं म्हणणं. तुमच्यासाठी नाशिकला न्यायचा डबा वेगळा भरून ठेवलाय. विहंगला सांगू नकोस, नाहीतर तो आजच गाडीत बसेल.

आता कामाचं. जानेवारीच्या शेवटी माझ्या टायपिंगच्या दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला आणि तुझ्या वडिलांचं सबंध पुस्तक गेलं, त्याबद्दल मला लिहायचं आहे. या तीन महिन्यांत आपण त्यावर धड एक वाक्य बोललो नाही. दर रविवारी तुझा फोन येतो, तू गुडघ्याचं विचारतेस, गोळ्यांचं विचारतेस, मी तिकडच्या हवेचं विचारतो, आणि त्या विषयाला वळसा घालून आपण दोघंही फोन ठेवतो. आज वळसा घालायचा नाही असं ठरवून बसलो आहे. मात्र मी मूळचा कारकून. कुठलंही प्रकरण मला सुरुवातीपासूनच सांगता येतं, तेव्हा तुला ठाऊक असलेल्या गोष्टीही तुला परत ऐकाव्या लागतील.

तुमचं लग्न ठरलं तेव्हा तुझ्या वडिलांची, म्हणजे सरांची, आणि माझी जेमतेम ओळख होती. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मी स्वतःवर फार खूश होतो. बौद्ध घरातली सून मी हसतमुखाने आणली, नाकं मुरडणाऱ्या भाऊबंदांना गप्प केलं, आणि गावातल्या चार लोकांनी माझ्या मोठ्या मनाचं कौतुक केलं, ते मी मान खाली घालून पण कान उघडे ठेवून ऐकलं. तुझ्या वडिलांनी मात्र कसलंही कौतुक केलं नाही. एका मंगळवारी ते संग्रामपूरहून पहिल्या एसटीने आले, पिशवीतून तरोट्याची कोवळी भाजी काढून तुझ्या सासूबाईंच्या हातात दिली आणि मला म्हणाले, ‘इवाई, एक पुस्तक टाइप करून देता काय? पण माह्या वाक्याले हात नाही लावायचा.’ व्याही या नात्याने इवाई अशी हाक मारणारे ते मला पहिलेच. बाकी सगळ्यांना मी साहेब.

ते पुस्तक म्हणजे रानभाज्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर सातपुड्याच्या पायथ्याची गावं पायी आणि एसटीने पालथी घालून त्यांनी एकशे बारा भाज्या जमवल्या होत्या. कोणती कुठल्या बांधावर उगवते, कधी खुडायची, उकळून किती वेळा पाणी फेकायचं, आणि ही माहिती कोणी सांगितली. सांगणाऱ्या बाईचं पूर्ण नाव, गाव आणि वय आलंच पाहिजे, यावर त्यांचा फार कटाक्ष. मी एकदा म्हटलं, सर, इतकी नावं कोण वाचणार? ते म्हणाले, ‘ज्याइचे नाव आहेत त्या वाचतीन ना.’ निम्म्या भाज्या त्यांनी वहीत लिहून आणल्या होत्या. बाकीच्या ते खुर्चीत मागे रेलून, डोळे मिटून तोंडी सांगत आणि मी थेट टाइप करी. असे दोन वर्षं मंगळवार झाले. दुपारी आमच्याकडे जेवण, जेवताना भाजीवरून सरांचं आणि तुझ्या सासूबाईंचं भांडण, आणि चारच्या गाडीने ते परत. नोकरी सुटल्यावर मला मित्र असा कोणी उरला नव्हता, मयुरी. तो मला या वयात, तुझ्यामुळे मिळाला. चौदा एप्रिलला जयंतीच्या दिवशी गावच्या वाचनालयात पुस्तक प्रकाशित करायचं आणि पहिल्या प्रती त्या बायांच्याच हातात द्यायच्या, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

आता माझ्या दुकानाची रीत. आमच्या पिढीचे मराठी टायपिंगवाले टाइपरायटरवर शिकले, आणि त्याच बटणांवर मराठी उमटवणाऱ्या एका जुन्या सॉफ्टवेअरची चोरटी कॉपी पंधरा-वीस वर्षांपासून या दुकानातून त्या दुकानात फिरते आहे. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी सरकारची एक टाचणी घरी नेली नाही, पण हे वापरताना मला कधी काही वाटलं नाही. अडचण एकच. कॉम्प्युटरमध्ये मुळातच जो अँटिव्हायरस येतो, त्याला त्या कॉपीतली एक फाइल व्हायरस वाटते. तो ती उचलून आत कुठेतरी कोंडून ठेवतो आणि मराठी उमटायचं बंद होतं. म्हणून आम्ही सकाळी आधी त्यालाच बंद करतो. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मग मॅनेज सेटिंग्ज, आणि तिथे पहिल्याच ओळीला रिअल-टाइम प्रोटेक्शनचं बटण. ते सरकवायचं, मशीन विचारतं नक्की का, आपण म्हणायचं हो. मशीन बंद करून सुरू केलं की हा पठ्ठ्या पुन्हा जागेवर हजर, त्यामुळे हे काम रोजचंच. झाडू मारायचा, फोटोला उदबत्ती ओवाळायची, अँटिव्हायरस बंद करायचा, मग पहिलं गिऱ्हाईक. माझी बोटं तिकडे आपोआप जायची.

दिवाळीत तू दुकानात बसली होतीस तेव्हा तुला हे दिसलं. आधी तू पोट धरून हसलीस, मग खूप वेळ हसली नाहीस. तंत्रनिकेतनात पोरांना कॉम्प्युटर शिकवणारी तू, तुला तो धक्काच होता. तू खुर्ची ओढून बसलीस आणि त्याच पानावर खाली गेलीस. तिथे एक्सक्लूजन्स म्हणून एक सोय आहे, एवढं एक फोल्डर सोड आणि बाकी सगळीकडे नजर ठेव, असं त्याला सांगता येतं, हे मला दाखवलंस. खरं तर हेही बरोबर नाही बाबा, ही कॉपीच टाकून द्या आणि सरळ मार्गाचं काहीतरी शिका, असंही म्हणालीस. पण तोवर काम अडू नये म्हणून त्या कॉपीचं फोल्डर त्या यादीत टाकलंस, मशीन बंद करून सुरू केलंस, मराठी उमटलं. पेन ड्राइव्हवर प्रत घेतली की तो काढून कपाटात ठेवत जा, लावून ठेवू नका, हेही दोनदा सांगितलंस. सगळं किती नीट, किती मायेने. त्याच वेळी बाकावर दोन गिऱ्हाईकं बसली होती, त्यांतला एक म्हणाला, ‘काका, आता सूनबाईलेच बसवा खुर्चीवर, तुमी चहा आना.’ सगळे हसले. मीही हसलो.

भाऊबीज करून तुम्ही नाशिकला गेलात. दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलं, झाडू मारला, उदबत्ती लावली आणि अँटिव्हायरस बंद केला. सवयीने केला असं म्हणायला मला फार आवडलं असतं. पण शेवटच्या बटणावर माझं बोट थांबलं होतं, मयुरी. आता याची गरज नाही हे मला नीट आठवत होतं. तरी मी ते सरकवलं. तुझा राग नव्हता, देवाशपथ नव्हता. पण तालुक्यातून लोक ज्याच्याकडे अर्ज टाइप करायला येतात त्या माणसाला त्याच्याच मशीनचं सुनेने शिकवावं, तेही चारचौघांत, हे कुठेतरी टोचलं होतं. बंद केलं आणि जरा बरं वाटलं. दुसऱ्या दिवशीही केलं. तिसऱ्या दिवसापासून ती पुन्हा नुसती सवय झाली आणि मी ते विसरलोही. पेन ड्राइव्ह तर मी कधी काढलाच नाही. रोज कोण वाकणार?

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात एक अनोळखी माणूस बारशाच्या पत्रिकेचा मजकूर पेन ड्राइव्हवर घेऊन आला. मी त्यातली फाइल उघडली, ती उघडली नाही, म्हणून दुसरी उघडली. पाच मिनिटांनी मशीन रडतखडत चालू लागलं. अर्ध्या तासात माझ्या एकेका फाइलच्या नावापुढे कसलंतरी अगम्य शेपूट लागलं आणि पडद्यावर इंग्रजीत धमकीची चिठ्ठी आली. मी वायर उपटली तोवर सगळं संपलं होतं. मशीनमधलं पुस्तक गेलं, आणि मशीनलाच लावलेल्या पेन ड्राइव्हमधली त्याची प्रतही गेली. एकशे बारा भाज्या आणि त्या सगळ्या बायांची नावं. मी खुर्चीत बसून होतो. तेवढ्यात विहंगचा सहज म्हणून फोन आला. त्याने ऐकलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, बाबा, अँटिव्हायरस चालू होता ना?

मी काय उत्तर दिलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, दिवाळीत मयुरीने सेटिंगमध्ये काहीतरी यादी करून सोडून ठेवलं होतं, मी तर त्याला हात लावत नाही. पहिला अर्धा भाग खरा होता. दुसरा अर्धा मी घाईघाईने त्याला चिकटवला. तेव्हा मला वाटलं, आत्तापुरतं निभावलं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी तुझ्या सासूबाईंनी विचारलं तेव्हाही तेच सांगितलं. तोवर विहंग तुझ्याशी बोलला होता आणि बातमी संग्रामपूरपर्यंत पोचली होती. सरांनी तुला फोन केला. तू त्यांना म्हणालीस, ‘माझ्याकडून राह्यलं असंन, पप्पा.’ एवढंच म्हणालीस. हे मला नंतर कळलं.

पुढच्या मंगळवारी सर आले. मी दारातच उभा होतो, काय बोलावं याची जुळवाजुळव करत. वहीची पिशवी नव्हती, भाजी नव्हती. ते पायरीवरच थांबले आणि दोन्ही हात जोडून म्हणाले, ‘इवाई, माफ करा. पोरीच्या हातून तुमचं लय नुकसान झालं.’ पुस्तक त्यांचं गेलं होतं, मयुरी. इतक्या वर्षांची पायपीट त्यांची गेली होती. आणि ते माझी माफी मागत होते. मी त्यांचे हात धरून खाली करायला हवे होते आणि तिथेच सांगायला हवं होतं. मी म्हणालो, असू द्या सर, होतं असं, या बसा. म्हणजे मी त्यांना माफ केलं! त्या वेळी बाकावर लोक होते, त्यांच्या चेहऱ्यावर मला पुन्हा तेच कौतुक दिसलं, साहेब किती मोठ्या मनाचे. आणि मयुरी, क्षणभर मला ते गोड लागलं. हे लिहिताना मान वर होत नाही. सर चहा न घेता गेले. मग मंगळवारचं येणं बंद झालं. मला तोंड दाखवायची त्यांना लाज वाटत होती, आणि मी ती त्यांना वाटू देत होतो.

चौदा एप्रिलही तशीच गेली. वाचनालयात भाषणं झाली, पुस्तक नव्हतं. वहीत नसलेल्या भाज्या नव्याने लिहून घ्यायला सर पुन्हा गावोगाव फिरू लागले होते, असं कळलं. तेरा भाज्या एकटीने सांगणाऱ्या कलाबाईंनी त्यांना दारातूनच वाटेला लावलं. ‘तवा लिवून घेतलं ना मास्तर, आता काऊन पुसता?’ म्हणाल्या. परीक्षेचा पेपर परत द्यायला बसवल्यासारखा त्यांना राग आला असणार, आणि तो योग्यच होता.

मी काय करत होतो म्हणशील तर मशीन पुसून नव्याने लावून घेतलं. चोरटी कॉपी टाकून दिली आणि आता सरळ मार्गाचं मराठी टायपिंग शिकतो आहे, मिनिटाला नऊ शब्द, पोरंटोरं हसतात. अँटिव्हायरस चालू असतो. मार्चमध्ये एका रविवारी तू फोन ठेवता ठेवता विचारलंस, ‘बाबा, आता चालूच ठेवता ना?’ मी हो म्हणालो आणि तू लगेच कुरडयांवर गेलीस. ‘आता’ कशी म्हणाली ही, असा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही. मला एवढंच वाटलं की सुनेचं मन किती मोठं, आळ घेऊनही माझीच काळजी करते.

गेल्या गुरुवारी शालिग्राम प्रिंटर बसवायला आला होता. तोच, ज्याने जानेवारीत माझं मशीन पुसलं. मी मॅनेज सेटिंग्जचं पान उघडून त्याला मोठ्या ऐटीत दाखवलं, बघ, चालू आहे. तो स्क्रू फिरवता फिरवता म्हणाला, ‘बरं केलं काका. तवा रोज दहा-दहाले बंद करून राह्यले होते तुमी.’ मी म्हटलं, तुला कसं ठाऊक? तर म्हणतो, मशीन स्वतःचीच एक डायरी ठेवतं, काय कधी बंद झालं, कधी चालू झालं, सगळं तारीखवार. मशीन पुसायच्या आधी तुझा त्याला फोन गेला होता. तू त्याला ती डायरी उघडायला लावलीस आणि पडद्याचे फोटो मागवलेस. भाऊबीजेनंतरच्या दिवसापासून जानेवारीपर्यंत रोजची नोंद. दहा दहा, दहा बारा, दहा आठ, दहा दहा. रविवारची सुट्टी सोडून. तो म्हणाला, ‘ताई म्हणे कोणाले दाखवू नका. मले वाटलं तुमाले मालूम असंन.’ आणि तो प्रिंटरचं झाकण लावून निघून गेला.

म्हणजे तुला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं. तुझ्या मोबाइलमध्ये पुरावा होता. विहंग तुला चिडवत होता, घरात चर्चा होत होती, सख्खा बाप तुझ्या नावाने माझ्यापुढे हात जोडून गेला होता, आणि एक फोटो पुढे ढकलला असता तर सगळं मिटलं असतं. तू तो ढकलला नाहीस आणि दर रविवारी मला गोळ्या घेतल्या का म्हणून विचारत राहिलीस. का केलंस गं असं? सासरा म्हणून भ्यालीस, असं मनात येतं तेव्हा मला रडू येतं. माया म्हणून केलंस, असं वाटतं तेव्हा त्याहून जास्त येतं. आणखीही एक मनात येतं, ते सांगून टाकतो. बौद्ध घरातल्या माणसाने आधी हात जोडायचे आणि मग समोरचा काय म्हणतो ते पाहायचं, हे सरांना कोणी शिकवलं असेल, आणि ते पाहत पाहत तू काय शिकली असशील? माझ्या घरात तरी तुला ते लागू नये असं मी लग्नात चार लोकांसमोर बोललो होतो. प्रत्यक्षात मी ते तुमच्याकडून करवून घेतलं.

गुरुवारी संध्याकाळी तुझ्या सासूबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं, माझ्याकडे इतका वेळ पाहिलं की मला वाटलं आता छत्रीसकट गच्चीवरून ढकलतात. मग म्हणाल्या, ‘मले वाटलंच होतं. पोरीचं नाव घेताना तुमचा आवाज बारीक होते.’ त्यानंतर चार दिवस त्या माझ्याशी फक्त भाजीत मीठ आहे का एवढंच बोलल्या. आज सकाळी मात्र उठून डबा करून दिला आणि म्हणाल्या, मंगळवार आहे, जा.

म्हणून आज मी जळगाव जामोदवरून एसटी बदलत संग्रामपूरला आलो. दोन वर्षं सर येत होते, मी एकदाही गेलो नव्हतो, हे गाडीत बसल्यावर लक्षात आलं. तुझी आई दारात होती, तिने इतक्या आनंदाने बसायला सांगितलं की मला परत फिरावंसं वाटलं. मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं, बटणापासून शालिग्रामपर्यंत सगळं, मग हात जोडले. मी पुस्तकाचं बोलू लागलो, पाऊस लागला आणि भाज्या उगवल्या की तुमच्यासोबत मी गावोगाव हिंडेन, कलाबाईंचे पाय धरेन, असं काहीबाही. त्यांनी हाताने थांबवलं. म्हणाले, ‘पुस्तकाचं राहू द्या, इवाई. ते लिहू परत. मी तिले फोनवर म्हटलं होतं, तुले एवढं शिकवलं ते लोकाइचे घरं बुडवाले का? तवापासून मी तिच्याशी बोललोच नाही. तिचा फोन येते, मी तिच्या आईच्या हातात देतो. त्याचं काय करू?’ हे मला माहीत नव्हतं. तीन महिने तुझा बाप तुझ्याशी बोलला नाही, आणि रविवारी माझ्याशी बोलताना तुझा आवाज एकदाही हलला नाही.

मी लगेच खिशातून फोन काढला, म्हटलं, आत्ता लावतो आणि तुमच्यासमोर सांगतो. सरांनी फोन माझ्या हातातून घेऊन टेबलावर ठेवला. म्हणाले, फोनवर ती आपल्या दोघांनाही बोलू देणार नाही, जाऊ द्या म्हणेल, आणि आपण दोघं म्हातारे लगेच जाऊ देऊ. लिहून द्या, म्हणजे तिला मध्येच थांबवता येणार नाही. म्हणून हे पत्र. ते तुझ्याच घरी, सरांच्या टेबलावर, त्यांनी फाडून दिलेल्या वहीच्या पानांवर लिहितो आहे. ते समोर बसले आहेत, एकेक पान संपलं की घेतात, वाचतात आणि लाल पेनाने माझ्या चुका दाखवतात, तुला त्या दिसतीलच. मोठ्या मनाबद्दल लिहिलं त्या पानावर त्यांनी एकही खूण केली नाही, फक्त खूप वेळ धरून ठेवलं. हे पत्र विहंगला वाचायला दे, ही माझी विनंती नाही, अट आहे. मला माफ करायची घाई करू नकोस. आणि यापुढे माझं काही चुकलं तर मला वाचवू नकोस, पोरी, सरळ सांग. तेवढा मी तुझा आहे असं मला वाटू दे. शेवटच्या पानाची खालची जागा सरांनी मागून घेतली आहे, तेव्हा मी इथे थांबतो.

तुझाच,
बाबा

मयुरे,

पोरांचे पेपर मी सदतीस वर्षं तपासले. न वाचता कोणालेच नापास नाही केलं. तुले केलं. चूक माही आहे. उद्या सकाळी मीच फोन करतो. उचलजो.

पप्पा